तालुक्याची यादी रिकामी का येते? वेबफॉर्ममधल्या ड्रॉपडाउनच्या अटी तपासताना

एखाद्या संस्थेचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज घेऊ. त्यात राज्य, जिल्हा आणि तालुका असे एकावर एक अवलंबून असलेले तीन ड्रॉपडाउन आहेत. खाली प्रवर्गाचा चौथा ड्रॉपडाउन आहे आणि त्यात काय निवडले यावर जात प्रमाणपत्राचा आणि नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्राचा रकाना दिसायचा की लपायचा हे ठरते. महाराष्ट्रात वेबचे काम करणाऱ्याच्या वाट्याला असा फॉर्म कधी ना कधी येतोच. त्यावरच्या तक्रारीही ठरलेल्या: तालुका येत नाही, नको तिथे प्रमाणपत्र मागतंय, सगळं भरलं तरी सबमिट होत नाही.

अशा वेळी नवशिक्याचा हात थेट 'इफ'च्या ओळीकडे जातो. एखादा कंस वाढवायचा, चिन्ह बदलायचे, पान रिफ्रेश करायचे, की पुन्हा तेच. माझ्या मते बहुतेक वेळा अट बिचारी बरोबरच असते. तिच्यापर्यंत येणारी किंमत चुकीची असते, नाहीतर ती एकदा चालून गेल्यावर मागे राहिलेला पसारा कोणी आवरलेला नसतो. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख आहे असे धरले आहे. कोडमधली नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची.

पायरी १: दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

'तालुका येत नाही' या एका वाक्याचे चार अर्थ होतात. रकानाच दिसत नाही. रकाना दिसतो पण यादी रिकामी आहे. यादी आहे पण आधीच्या जिल्ह्याची आहे. किंवा सगळे नीट दिसते पण सेव्ह झालेल्या अर्जात तालुका नाही. हे चार दोष कोडमध्ये चार वेगळ्या जागी असतात. तेव्हा तक्रार करणाऱ्याला आधी हे विचारा, आणि त्याने काय काय कोणत्या क्रमाने निवडले तेही विचारा. क्रमाला फार महत्त्व आहे, कारण पहिल्या निवडीला सुरळीत चालणारा फॉर्म दुसऱ्या निवडीला घसरतो. आधी पुणे, मग हवेली, मग पुन्हा वर जाऊन जिल्हा मुंबई शहर: असा उलटसुलट प्रवास करून पाहिल्याशिवाय दोष सापडत नाही. तुमच्या मशीनवर तो पुन्हा घडेपर्यंत कोडला हात लावू नका.

पायरी २: नियम कागदावर मांडा

संगणक बाजूला ठेवून एक तक्ता आखा. डावीकडे प्रवर्ग, उजवीकडे दोन्ही प्रमाणपत्रांसाठी 'हवे' किंवा 'नको'. महाराष्ट्रातल्या प्रवेश अर्जांचा नियम घेतला तर तक्ता असा होतो. खुल्या प्रवर्गाला दोन्ही नकोत. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींना जात प्रमाणपत्र हवे, नॉन-क्रिमिलेयर नको. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) आणि इतर मागास वर्ग (इमाव) यांना दोन्ही हवीत. ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला) या दोन्हींपैकी एकही नको, त्यांचा दाखलाच वेगळा.

आता आणखी एक ओळ घाला: 'अजून काहीच निवडलेले नाही'. ही ओळ जवळजवळ सगळे विसरतात. 'प्रवर्ग खुला नसेल तर जात प्रमाणपत्र विचारा' अशी अट लिहिली की पान उघडताक्षणी, काही निवडण्याआधीच तो रकाना दिसू लागतो, आणि ईडब्ल्यूएसवाल्यालाही जात प्रमाणपत्र मागितले जाते. तक्रार क्रमांक दोनचा उगम बहुधा इथेच असतो. उपाय म्हणजे नकार न लिहिता होकार लिहायचा: ज्यांना हवे त्यांची यादी करायची आणि निवडलेला प्रवर्ग त्या यादीत आहे का, एवढेच 'इन्क्लूड्स'ने विचारायचे.

नकार टाळण्याचे दुसरेही कारण आहे. 'प्रवर्ग खुला नाही किंवा प्रवर्ग ईडब्ल्यूएस नाही' ही अट वाचायला ठीक वाटते, पण ती कायम खरी ठरते. एका वेळी एकच प्रवर्ग निवडलेला असतो, म्हणजे दोन्हींपैकी एक 'नाही' नेहमीच खरा. इथे 'किंवा'च्या जागी 'आणि' हवे. नकार आत घेतला की 'किंवा'चे 'आणि' होते, हा द मॉर्गनचा नियम. (हा ऑगस्टस द मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला. गणिती इंग्रज होता, पण जन्मगाव तमिळनाडूतले.) फॉर्म बनवायच्या प्लगइनमध्ये 'सर्व अटी जुळल्या तर' आणि 'कोणतीही एक अट जुळली तर' असा जो पर्याय असतो, तिथेही हाच सापळा आहे. 'नाही'वाले दोन नियम आणि 'कोणतीही एक' ही जोडी दिसली की थांबून तपासा.

शिवाय जावास्क्रिप्ट 'आणि' आधी सोडवते, 'किंवा' नंतर. 'राज्य महाराष्ट्र आणि प्रवर्ग इमाव किंवा विमाप्र' असे कंसाशिवाय लिहिले तर गोव्याच्या विमाप्र निवडणाऱ्यालाही ती अट लागू पडते. कंस घाला, गरज वाटली नाही तरी घाला.

पायरी ३: कन्सोल

एफ-बारा दाबा, कन्सोल उघडा, पान पुन्हा लोड करा. लाल ओळ आहे का? असेल तर सगळ्यात वरची आधी वाचा, खालच्या बऱ्याचदा तिच्याच पोटी आलेल्या असतात. 'नल'ची प्रॉपर्टी वाचता येत नाही, अशा अर्थाची तक्रार असेल तर ड्रॉपडाउन पानावर येण्याआधीच स्क्रिप्ट चालली आहे किंवा आयडीच्या स्पेलिंगमध्ये गडबड आहे. स्क्रिप्टच्या टॅगला 'डिफर' लावल्यावर पहिली अडचण मिटते. एकाच फाइलमध्ये वर कुठे स्लायडरचा कोड कोलमडला असेल तर त्याखालचा तालुक्याचा कोड चालतच नाही. दोष भलत्याचा, शिक्षा तालुक्याला.

कन्सोल स्वच्छ असला म्हणजे कोड बरोबर असे मात्र नाही. 'इफ'मध्ये तुलनेच्या जागी चुकून एकच बरोबरचे चिन्ह पडले तर कसलीही तक्रार न करता किंमत तिथे भरली जाते आणि अट खरी होऊन बसते.

पायरी ४: बदल कोणाला कळतो का?

ड्रॉपडाउन बदलल्यावर 'चेंज' इव्हेंट येतो आणि तुमचे फंक्शन तो ऐकते. ऐकते का, ते पाहायला फंक्शनच्या पहिल्याच ओळीत एक कन्सोल-लॉग टाका. जिल्हा बदलूनही काही छापले गेले नाही, तर अट तपासण्यात अर्थच नाही, ती चाललेलीच नाही.

इथे दोन गोष्टी नवशिक्याला हमखास चकवतात. पहिली, कोडमधून ड्रॉपडाउनची व्हॅल्यू बदलली तर चेंज इव्हेंट येत नाही, तो फक्त माणसाने निवड केल्यावर येतो. पिनकोडवरून जिल्हा आपोआप भरणारा कोड असेल, तर जिल्हा बदललेला दिसतो आणि तालुका ढिम्म. दुसरी, सिलेक्ट-टू सारख्या, जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालणाऱ्या सजावटी ड्रॉपडाउनमध्ये चेंज जेक्वेरीच्या 'ट्रिगर'ने उठवला जातो, आणि तो साध्या 'ॲड-इव्हेंट-लिसनर'ला ऐकू येत नाही. तिथे ऐकणाराही जेक्वेरीच्या 'ऑन'ने बसवावा लागतो.

पायरी ५: नेमके काय हाती आले?

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. एलिमेंट्स पॅनेलमध्ये ड्रॉपडाउनवर क्लिक करून ठेवा, मग कन्सोलमध्ये डॉलरचे चिन्ह आणि लगेच शून्य लिहा. तो घटक हाती येतो. त्यापुढे टिंब देऊन 'व्हॅल्यू' लिहिले की खरी किंमत दिसते. ती जेसनच्या 'स्ट्रिंगिफाय'मधून छापली तर अवतरण चिन्हांसकट दिसते आणि शेवटी चिकटलेली मोकळी जागाही उघडी पडते.

ड्रॉपडाउनची व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग असते. महाराष्ट्राचा कोड २७ तुम्ही आकडा म्हणून लिहिला आणि तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली, तर स्ट्रिंगमधला २७ आणि आकड्यातला २७ कधीच जुळणार नाहीत. 'इन्क्लूड्स'चेही तेच. यावर दोन बरोबरची चिन्हे वापरणे ही मलमपट्टी झाली. दोन्हीकडे स्ट्रिंगच ठेवा, कारण आकड्यात बदलताना सुरुवातीचे शून्य असलेले कोड बिघडतात.

'निवडा' या पहिल्या पर्यायाला शून्य ही व्हॅल्यू द्यायची सवय अनेकांना असते. स्ट्रिंगमधले शून्य जावास्क्रिप्टच्या लेखी खरे असते. त्यामुळे 'व्हॅल्यू असेल तर तालुके आण' ही अट 'निवडा'लाच जिल्हा समजते. पर्यायाला व्हॅल्यू दिलीच नसेल तर आणखी गंमत होते: पर्यायाचा मजकूर हीच त्याची व्हॅल्यू होते, 'रिक्वायर्ड' तपासणी पास होते आणि डेटाबेसमध्ये 'निवडा' नावाचा जिल्हा तयार होतो. पहिल्या पर्यायाची व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग ठेवा, म्हणजे दोन्ही प्रश्न मिटतात.

आता मजकुरावर चालणाऱ्या अटी. कोडमध्ये कुठेतरी 'जिल्हा उस्मानाबाद असेल तर' असे लिहिलेले असते. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, कोणीतरी यादीत ते बदलले आणि अट मुकाट्याने मेली. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचे अहिल्यानगर होताना हेच होणार. तालुक्यांच्या नावात तर सरळ सरळ जुळे आहेत: कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही, खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. नावावरून शोधणारा कोड यादीतले पहिले कर्जत उचलतो आणि अहिल्यानगरचा विद्यार्थी कोकणात जमा होतो.

नावे फक्त दाखवण्यासाठी ठेवा, अटी कोडवर चालवा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत राज्य, जिल्हा, तालुका आणि गावांना कोड दिलेले आहेत, तेच घेतले तर पुढे दुसऱ्या यंत्रणेशी जुळवणेही सोपे जाते.

मराठी मजकूर तुलनेत घेणे टाळा म्हणतो त्याचे आणखी एक कारण युनिकोड. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप होते, तसे 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला वेगळी, आणि 'नॉर्मलाइझ' केले तरी ती एक होत नाहीत. वर्डमधून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या नावांत न दिसणारी जोडचिन्हेही घुसतात. सारखे दिसूनही जुळत नसलेले दोन शब्द सापडले तर दोन्हींची 'लेंग्थ' छापून पाहा. आणि देवनागरी अंक जावास्क्रिप्टच्या 'नंबर'ला कळत नाहीत, हेही लक्षात असू द्या: ४११ दिले की उत्तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही'.

पायरी ६: मागचे आवरले का?

जिल्हा बदलला की तालुक्याची जुनी यादी आधी पुसली पाहिजे, मग नवी भरली पाहिजे. पुसणे राहिले तर हवेली-मुळशीच्या खाली नाशिकचे तालुके चिकटत जातात. हा दोष निदान दिसतो तरी. न दिसणारा प्रकार असा: विद्यार्थ्याने इतर मागास वर्ग निवडून प्रमाणपत्राचा क्रमांक भरला, मग चूक लक्षात येऊन खुला निवडले. रकाना लपला, क्रमांक आतच राहिला आणि अर्जासोबत गेला.

काही जण नको असलेले तालुके सीएसएसने लपवतात. सफारीवर पर्याय असे लपतीलच याची खात्री नाही, न लपले तर आयफोनवाल्याला सगळ्या महाराष्ट्राचे तालुके दिसतात. पर्याय लपवू नका, काढून टाका आणि नव्याने घाला.

या सगळ्यावर मला एकच रचना पटते. प्रत्येक ड्रॉपडाउनसाठी 'हे दाखव, ते लपव' असे सुटे तुकडे लिहायचे नाहीत. एकच फंक्शन लिहायचे. ते चारही ड्रॉपडाउनच्या आत्ताच्या किमती वाचेल आणि पानावरचा प्रत्येक सशर्त रकाना दिसावा की नाही हे पुन्हा पहिल्यापासून ठरवेल. कुठलाही चेंज आला की तेच फंक्शन, पान उघडले तरी तेच. पायरी २ मधला तक्ता जवळपास जसाच्या तसा त्यात उतरतो. थोडे जास्तीचे काम ब्राउझर करतो, करू द्या, एवढ्याशा फॉर्मला त्याचा भार जाणवतही नाही.

पायरी ७: लपलेला पण सक्तीचा रकाना

'सगळं भरलं तरी सबमिट होत नाही' याचे हे सर्वांत मोठे कारण. डिस्प्ले-नन करून लपवलेला रकाना 'रिक्वायर्ड' असेल तर ब्राउझर तो रिकामा म्हणून अर्ज अडवतो, पण लपलेला असल्यामुळे त्यावर कर्सर नेऊन दाखवू शकत नाही. माणसाला काहीच दिसत नाही. क्रोमच्या कन्सोलमध्ये मात्र 'नॉट फोकसेबल' असा उल्लेख असलेली ओळ येते. लपवताना रकाना 'डिसेबल्ड'ही करा, दाखवताना ते काढा. डिसेबल्ड रकान्याची सक्ती तपासली जात नाही आणि त्याची किंमत पाठवलीही जात नाही, म्हणजे वरचा उरलेल्या क्रमांकाचा प्रश्नही सुटतो. चार-पाच रकाने एकत्र लपवायचे असतील तर ते एका 'फील्डसेट'मध्ये घालून फक्त फील्डसेट डिसेबल करा.

आपल्याकडचे खास उदाहरण मुंबईचे. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके आहेत, मुंबई शहर जिल्ह्यात मात्र तालुकाच नाही. तालुका सगळ्यांना सक्तीचा ठेवला तर कुलाब्याच्या विद्यार्थ्याला अर्ज भरताच येणार नाही. यादी रिकामी आली की तालुक्याचा रकाना लपवून डिसेबल करायचा, हा नियम जिल्ह्याचे नाव न घेता लिहिता येतो आणि तसाच लिहावा.

पायरी ८: उशिरा येणारी यादी

तालुके सर्व्हरवरून मागवत असाल तर उत्तरे मागितलेल्या क्रमानेच येतील याची हमी नसते. पुणे निवडले, लगेच सातारा निवडले, साताऱ्याचे उत्तर आधी आले आणि पुण्याचे नंतर: आता सातारा जिल्ह्याखाली पुण्याचे तालुके. ऑफिसच्या वेगवान इंटरनेटवर हे दिसत नाही. नेटवर्क पॅनेलमध्ये वेग मुद्दाम थ्री-जीइतका कमी करा आणि भराभर जिल्हे बदला. विंडोजवर क्रोममध्ये बंद ड्रॉपडाउनवर बाणाची कळ दाबत गेलात तर प्रत्येक जिल्ह्याला चेंज येतो, तीही चांगली परीक्षा होते.

उत्तर आल्यावर यादी भरण्याआधी 'निवडलेला जिल्हा अजून तोच आहे का' एवढे विचारले तरी पुरते. 'ॲबॉर्ट-कंट्रोलर'ने जुनी मागणी रद्द करणे जास्त नीटनेटके. पण खरे सांगायचे तर ३६ जिल्हे आणि साडेतीनशेहून थोडे जास्त तालुके यांच्यासाठी सर्व्हरला विचारायचेच कशाला? सगळी यादी पानासोबतच पाठवा. गावांपर्यंत जायचे असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ९: जुना अर्ज उघडून पाहा

नवा अर्ज चालला म्हणून काम संपवू नका. सेव्ह केलेला अर्ज दुरुस्तीसाठी उघडा. यादी भरण्याआधीच तालुक्याची व्हॅल्यू लावली तर ती लागत नाही, ड्रॉपडाउन रिकामा होतो आणि कन्सोलही गप्प. क्रम असा: जिल्हा लावा, यादी भरा, मग तालुका लावा, मग पायरी ६ मधले एकच फंक्शन चालवा.

क्रम बरोबर असूनही रिकामे येत असेल तर माहितीच जुनी असू शकते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदींत वसई, डहाणू, जव्हार हे तालुके ठाण्याखाली आहेत, तुमच्या आजच्या यादीत ते ठाण्याखाली नाहीत. इथे कोड दुरुस्त करायचा नाही, नोंदी दुरुस्त करायच्या.

फायरफॉक्स साध्या रिफ्रेशनंतर फॉर्ममधल्या निवडी तशाच ठेवतो आणि 'बॅक' दाबून परतल्यावर इतर ब्राउझरही जुने पान जसेच्या तसे समोर ठेवू शकतात. जिल्हा निवडलेला दिसतो पण चेंज आलेला नसतो. ते फंक्शन 'पेजशो' इव्हेंटलाही जोडून टाका.

पायरी १०: सर्व्हरची बाजू

ब्राउझरमधल्या अटी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. एलिमेंट्स पॅनेल उघडून कोणीही डिसेबल्ड काढू शकतो किंवा पर्यायाची व्हॅल्यू बदलू शकतो. आलेला तालुका आलेल्या जिल्ह्यातलाच आहे का, प्रवर्गाला लागणारे प्रमाणपत्र आले आहे का, हे सर्व्हरने त्याच तक्त्यावरून पुन्हा तपासले पाहिजे. डिसेबल्ड रकाना रिकामा येत नाही, तो येतच नाही, म्हणून त्या रकान्याचे नाव अर्जात असणारच असे सर्व्हरच्या कोडने गृहीत धरता कामा नये.

शेवटी तक्त्याची प्रत्येक ओळ एकदा, आणि प्रत्येक ओळीवरून दुसऱ्या ओळीवर एकदा उडी, असे हाताने करून पाहा. एकदा लॅपटॉपवर, एकदा आयफोनवर, एकदा साध्या अँड्रॉइडवर. दर वेळी स्क्रीनवर काय दिसते एवढ्यावर थांबू नका, नेटवर्क पॅनेलमध्ये अर्जासोबत प्रत्यक्ष काय गेले तेही उघडून पाहा. फोनवर हे पॅनेल हाताशी नसेल तर सर्व्हरवर आलेली नोंद वाचा.